आठव्या दिवसाची भेट

आमच्या बाजारात नवं दुकान उघडलं की पहिल्या दिवशी सगळे जातात. फुगे, फुलं, फीत, कात्री, फोटो. फीत कापणारा माणूस हे दुकान आपणच विटेवर वीट ठेवून बांधलं अशा चेहऱ्याने उभा असतो, आणि खऱ्या मालकाला स्वतःच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बटणमामा त्या दिवशी कधीच जात नसत. ते जात आठव्या दिवशी, दुपारी तीन वाजता.

मामा तसे आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते. त्यांच्या एका खऱ्या भाच्याने भर बाजारात त्यांना दोनदा मोठ्याने हाक मारली आणि तेव्हापासून सगळ्या पेठेने ते नातं फुकटात उचललं. दुकान बटणांचं. रुंदी एवढीच की मामांनी आळस दिला तर दोन्ही हात दोन्ही भिंतींना लागावेत. त्या भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान लाकडी खण, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणावर आतलं एकेक बटण तारेने बांधलेलं. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, आणि एका खणात जगातल्या कुठल्याच कोटाला न लागणारी हिरवी चौकोनी. ती कशाला ठेवलीत असं विचारलं की मामा म्हणत, "येईल ना कधीतरी एखादा चौकोनी माणूस!"

गिऱ्हाईक एक बटण घ्यायला येई आणि तासाने बाहेर पडे. तेवढ्या वेळात कोट कुठे अडकला, कुणी ओढला आणि त्या माणसाशी आता बोलणं का बंद आहे, इथपर्यंत सगळं सांगून झालेलं असे. मामा मधे मधे फक्त "हं" म्हणत. पण त्या "हं"चे पंधरा-वीस प्रकार होते, आणि कुठला कुठे लावायचा हे त्यांना बटणांइतकंच नेमकं कळे.

तेच "हं" घेऊन ते नव्या दुकानात जात. एक स्टूल ओढून बसत. विकत काही घेत नसत आणि सल्ला तर मुळीच देत नसत. सल्ला द्यायला बाजारात माणसांची टंचाई कधीच नव्हती.

"आठव्याच दिवशी का हो मामा?" मी एकदा विचारलं होतं.

"पहिल्या दिवशी माणूस भानावर नसतो रे. हसत असतो, सरबत वाटत असतो. मग दोन दिवस नातेवाईक येतात. मग उरलेसुरले मित्र. आठव्या दिवशी दुपारी तीनला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दाराकडे बघून बघून मान दुखायला लागते. तेव्हा कुणीतरी आत यावं."

"आणि काय करावं?"

"बसावं."

चाळीस वर्षं ते असे बसत आले. आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, फरशीवाले, यांच्या दुकानातही ते आठव्या दिवशी बसले होते. "मामा काय बोलले ते आठवत नाही, पण शटर कायमचं ओढायचं ठरवलं होतं ते ओढलं नाही," असं अध्यक्ष दर वार्षिक सभेत सांगतात आणि दर वर्षी त्याच वाक्याला डोळे पुसतात.

मी त्या मंडळाचा सेक्रेटरी. धंद्याने छापखानेवाला. हे दोन रोग एका माणसाला होऊ नयेत. कोरा कागद दिसला की मला त्यावर रकाने आखावेसे वाटतात, आणि मंडळाला दर महिन्याला काहीतरी आखलेलं हवंच असतं. पुढे जे झालं त्याचा दोष इतरांच्या दारात नेऊन ठेवायचा मी बराच प्रयत्न केला. पण तो फिरून फिरून माझ्याच छापखान्यात येऊन बसतो.

झालं असं की मंडळात नवे सभासद येत आणि वर्षाच्या आत निघून जात. काहींचं दुकानच बंद पडे, काहींना मंडळ म्हणजे काय हेच शेवटपर्यंत कळत नसे. अध्यक्ष कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि बैठकीत म्हणाले, "तिकडच्या मंडळात प्रत्येक नव्या सभासदाच्या पाठीशी एक दूत असतो. बिनपगारी. स्वखुशीने. तो जातो, भेटतो, ओळखी करून देतो. आपल्याकडे असं का नाही?"

"आहे की," मी म्हणालो. "बटणमामा आहेत. फक्त एकच आहेत. बारा करू."

टाळ्या पडल्या. आपलं वाक्य चाललं की माणूस जरा उंच होतो; मी त्या संध्याकाळी दोन-चार इंच उंच होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मामांची पद्धत लिहून घ्यायला वही घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर मामी होत्या. मामांनी चाळीस वर्षं जे ऐकून घेतलं त्याची भरपाई मामी बोलून करत.

"काय लिहितोस रे?"

"मामांची पद्धत, मामी. बारा जणांना शिकवायची आहे."

"बारा? अरे, घरात एकच आहे तर दुकान मी एकटी ओढते. बारा केलेस तर बारा घरच्या बायका तुला शोधत येतील."

"अगं, चांगलं काम आहे," मामा म्हणाले.

"चांगलंच आहे. म्हणून तर परवडत नाही."

मामांना मात्र मनापासून आनंद झाला होता. त्यांचं वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, आणि आपल्यामागे ही भेट बंद पडेल ही एकच धास्ती त्यांना होती. "एवढं टिकलं पाहिजे रे," ते मला म्हणाले. "दुकान राहिलं नाही तरी चालेल. बटणं काय, कुणीही विकेल."

मी दोन तास बसलो. वहीत तीन ओळी झाल्या. आठव्या दिवशी. तीन वाजता. बसावं. आता "बसावं" याचा रकाना कसा आखायचा?

तो समितीने आखला. एकेक नियम येत गेला. नव्या दुकानाची भेट एकाच दूताकडे द्यायची, म्हणजे दोघं एकाच दारात धडकणार नाहीत. भेट पंधरा मिनिटांची. चौदा प्रश्नांचा फॉर्म. खाली दुकानदाराची सही. सहीमागे दहा गुण, आणि महिनाअखेरीस गुणांची यादी मंडळाच्या फलकावर.

"आणि भेट तीन दिवसांच्या आत," अध्यक्ष म्हणाले. "आठ दिवस थांबलो तर उत्साह मावळतो."

हे तेच अध्यक्ष, दर वर्षी डोळे पुसणारे. मी बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण नेमकं तेव्हाच कुणीतरी बिल्ला कुठल्या रंगाचा करायचा असं विचारलं, आणि रंग हा माझा प्रांत. मी निळा म्हणालो. आठवा दिवस तिथेच गेला.

बिल्ले आले. त्यांवर "स्वागतदूत" असं माझ्याच निवडीच्या अक्षरात. एक नंबरचा बिल्ला मामांना. तो लावून घेताना ते लाजले, आणि मामींनी तो सरळ केला.

मग प्रशिक्षण. बारा जण खुर्च्यांवर. मामांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "जा. बसा. घड्याळ बघू नका." आणि खाली बसले. त्यांच्यानंतर फटाफट उठला. हा मोबाईलची कव्हरं विकतो. जेवतो, बोलतो, स्कूटर चालवतो ते सगळं एकाच वेगात, म्हणून हे नाव. मनाने सोन्यासारखा माणूस. पण त्याला घाई असते, आणि कशाची ते त्यालाही माहीत नसतं. वेळ कसा वाचवावा या विषयावर त्याने पाऊण तास खर्च केला.

पहिल्या महिन्याची यादी लागली. फटाफट, पन्नास गुण. तळाला मामा, शून्य. त्या महिन्यात मामा चार नव्या दुकानांत गेले होते. प्रत्येक ठिकाणी आठव्या दिवशी, प्रत्येक ठिकाणी तासभर बसून. पण भेट उशिराची आणि फॉर्मवर सही नाही, म्हणजे नियमाने ती झालीच नव्हती. पहिला आणि शेवटचा आकडा उठून दिसावा म्हणून मी दोन्ही लाल शाईत छापले होते.

मामा हात मागे बांधून फलकासमोर उभे राहिले. "शून्य छान गोल आलंय," म्हणाले. मामी मागेच होत्या.

"चाळीस वर्षं पायपीट केलीत, त्याचं फळ बघा. मिळालं तेही वाटोळं!"

मी मामांना बाजूला घेतलं. "नुसती सही घ्या ना मामा. एक मिनिटाचं काम."

"नव्या माणसाच्या दारात जाऊन आधी सही मागायची? घाबरेल रे तो. आपण कशावर सही केली याची काळजी करत बसेल. आधीच त्याला काळज्या कमी असतात का?"

मी हसलो. मामांचा स्वभाव, असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या महिन्यातही शून्य आलं. ते मी काळ्या शाईत छापलं, आणि हा माझा मोठेपणा आहे असं मला वाटलं.

तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यावर चित्रांच्या फ्रेमचं दुकान उघडलं. चालवणारी पस्तिशीची बाई, एकटी. एका मोठ्या कारखान्यात दहा वर्षं फ्रेम बनवून, स्वतःचं काही करावं म्हणून बाहेर पडलेली. भिंतीवर फ्रेमच्या कोपऱ्यांचे नमुने ओळीने टांगले होते, सगळे अगदी सरळ रेषेत. फटाफट पहिल्याच दिवशी जाऊन आला. अकरा मिनिटं. फॉर्म पूर्ण, सही ठळक. चौदावा प्रश्न "दुकानदाराची मनःस्थिती" असा होता. (हा प्रश्न माझा. मला त्याचा अभिमान होता.) त्यापुढे फटाफटने लिहिलं होतं, आनंदी.

आठव्या दिवशी, तीनला दहा मिनिटं असताना, मामा माझ्या छापखान्यात आले. याआधी ते तिथे कधी आल्याचं मला आठवत नाही. छातीवर निळा बिल्ला.

"सेक्रेटरी, त्या फ्रेमवाल्या बाईकडे जाऊ का?"

मशीन चालू होतं. मी हातातला कागद न ठेवताच म्हणालो, "मामा, ती फटाफटकडे दिलीय. त्याची भेट होऊन गेली. दोघं गेलात तर फॉर्ममध्ये घोळ होतो. पुढच्या महिन्यात एक दुकान खास तुमच्या नावावर ठेवतो."

"झालीय ना भेट?"

"झालीय. आनंदी आहे."

"बरं," मामा म्हणाले. जाताना दार त्यांनी हळूच लावलं. मला वाटतं मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

सात आठवड्यांनी फ्रेमचं दुकान बंद झाल्याचं कळलं. मी लगेच गेलो. धावत गेलो म्हणायला आवडलं असतं, पण खरं कारण सांगतो. मंडळ सोडणाऱ्या सभासदाचाही एक फॉर्म असतो, त्यावर सही लागते. ती घ्यायला गेलो.

बाई काचा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. भिंतीवर नमुन्यांच्या जागी खिळे राहिले होते, तेही सरळ रेषेत.

"काही अडचण होती तर मंडळाला कळवायचं," मी म्हणालो. बोलल्यावर माझं मलाच ते ऐकवेना.

"कुणाला कळवायचं?" त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. "सगळे आले होते हो. पहिल्याच दिवशी आले. ते स्कूटरवाले दादा तर केवढे गोड बोलले. सही कुठे करायची तेही बोट ठेवून दाखवलं. मग कुणी नाही. काम मला चांगलं येतं, आणि सकाळचं गिऱ्हाईकही असायचं. पण दुपारी नुसतं बसून राहिलं की डोक्यात काय काय येतं. नोकरी सोडली ती चूकच झाली, असं वाटायला लागलं. रोज वाटायचं. एक दिवस ते पटलं." त्यांनी सही केली आणि पेन परत दिलं. "एक विचारू का? ते म्हातारे गृहस्थ कोण? शर्टाला निळा बिल्ला लावतात ते."

"बटणमामा. का?"

"दुपारचे रोज समोरच्या फुटपाथवरून जायचे. काचेतून आत बघायचे, जरा थांबायचे आणि जायचे. मला वाटायचं, आज येतील. एकदा तर मी स्टूल पुसून ठेवलं. आत का नाही आले हो कधी?"

मला खोटं बरं बोलता येतं. सेक्रेटरीला यावंच लागतं. त्या दिवशी मात्र धड एकही तयार नव्हतं. "घाईत असतील," मी म्हणालो, आणि सबंध आयुष्यात मामांबद्दल बोललेलं ते सगळ्यात वाईट वाक्य असेल.

पुढच्या बैठकीत मी भांडलो. उशीर झाला होता म्हणून आवाज जास्त चढवला. अध्यक्षांना त्यांच्या स्वतःच्या शटरची आठवण करून दिली. त्यांनी डोळे पुसले नाहीत त्यावरून कळलं की या वेळी खरंच लागलंय. गुण काढून टाकले, सही काढून टाकली. पहिल्या दिवशी कुणी जायचं ते जावं, पण दूताची भेट आठव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, वेळेचं बंधन नाही, असा नवा नियम झाला. तो मी जाड कागदावर, मोठ्या अक्षरात छापला आणि शाई वाळायच्या आत मामांकडे घेऊन गेलो.

मामांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"छान छापलंयस. अक्षर मोठं केलंस ते बरं केलंस."

"मग मामा, उद्या त्या चपलांच्या नव्या दुकानाचा आठवा दिवस. तुम्ही जा. बाकीच्यांनाही सोबत न्या, त्यांना बघू दे."

मामांनी खणातून काहीतरी काढलं आणि काउंटरवर ठेवलं. बिल्ला होता.

"अहो, नियम बदललाय ना मामा!"

"कळलं रे. पण परवा मी गेलो होतो तिथे, सहज. स्टुलावर बसलो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खिशातून पेन काढलं. म्हणाला, कुठे करू? मी म्हटलं, काही नको, नुसता बसायला आलोय. तर म्हणतो, काका, लवकर सांगा, मागच्या वेळी पंधरा मिनिटांत झालं होतं." मामा थोडं हसले. "बसलो तसाच. पण तो काही बोलेना. मी उठून जायची वाट बघत होता बिचारा."

"होईल हळूहळू. विसरतील लोक."

"विसरतील. पण तोपर्यंत माझे गुडघे थांबायचे नाहीत."

"आता दुकानातच बसतात," मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "इतकी वर्षं मीच म्हणत होते, बसा जरा दुकानात. आता तीन वाजले की दाराकडे बघतात. जा म्हटलं तर म्हणतात, कुठे? तूच सांग बाबा, कुठे पाठवू?"

माफी मागायची म्हणून आलो होतो आणि हातात जाड कागद होता. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे मामा. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी नाही म्हणायला नको होतं."

"तुझं सोड. तुझं कामच ते." मामा बाहेर बघत होते. "मी विचारायलाच नको होतं. चाळीस वर्षांत कुणाला विचारून गेलो होतो का? बिल्ला लावला आणि विचारायला लागलो. आणि मग सात आठवडे काचेबाहेरून बघत राहिलो, शहाण्यासारखा. आत ती दिसायची. मान अशी धरून बसलेली." त्यांनी स्वतःची मान हाताने दाबून दाखवली. "ती आता कुठे असते?"

मला माहीत नव्हतं. फोन नंबर मात्र फॉर्मवर होता, दुसऱ्या रकान्यात. माझ्या फॉर्मने केलेलं ते एकच पुण्य. मी तिथेच उभ्याने नंबर लावला आणि फोन मामांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मी बटणवाला बोलतोय," ते म्हणाले. "समोरून जायचो तो... हो, तोच. यायला हवं होतं मी. आत यायला हवं होतं."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. मामा "हं" म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले. मग फोन कानापासून काढून त्यांनी माझ्याकडे दिला.

"गिऱ्हाईक समोर आहे म्हणाली. नंतर करते म्हणाली. ओळखलं तिने मला, आवाज चांगला होता." चेहरा जरा उजळला होता. "गिऱ्हाईक आहे म्हणजे बरं चाललंय."

"कुणाच्या दुकानात?" मामींनी विचारलं.

ते आम्हा दोघांनाही विचारायचं सुचलं नव्हतं. मी फोन खिशात ठेवला. मामा पुन्हा दाराकडे बघायला लागले.